बाबांच्या घड्याळाची तपकिरी तबकडी

बास्तियाँ,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

इस्पितळात बाबांचा श्वास चालू असतानाच तू त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलंस. दफनाच्या आदल्या दिवशी ते माझ्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर टाकून म्हणालास, "ओदेत, ही तपकिरी पडलेली तबकडी फेकून दे आणि नवी पांढरी बसव. लिलावात असलं कळकट घड्याळ कोण घेणार? जिनिव्हात राहिली असतीस तर कळलं असतं तुला."

आयुष्यभर उन्हात गवत कापताना बाबांच्या हातावर ती तबकडी तशी झाली होती. संग्राहक जीव टाकतात ते त्याच रंगावर. घड्याळं बनवणाऱ्या आपल्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी नवी पांढरी तबकडी बसवली. तू म्हणालास तसंच केलं.

मूळ तबकडी नाही म्हणून लिलाववाल्यांनी घड्याळ परत पाठवलं, तेव्हा काल फोनवर रडायला लागलास, "जुनी तबकडी कुठाय?"

"फेकली. तूच सांगितलं होतंस ना?"

खोटं बोलले. ज्या मनगटावरून तू घड्याळ ओरबाडलंस, त्याच मनगटावर, कोटाच्या बाहीखाली ठेवून ती मी बाबांसोबत पुरली.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. तू कचरा उपसत बस.

ओदेत