साखरपुड्यातलं गाणं

बजाजनगर

प्रिय आकाश, जय भीम.

हेंड्रिक्स मोठा गिटारवाला की गिल्मोर, हे तू विचारलंस, पण मला खरंच सांगता येत नाही. आणि विश्वजीतला विचार, असंही आता म्हणता येत नाही.

मी बरी आहे. कामावर जाते, डबा चांगला मिळतो. आईचे गुडघे कसे आहेत?

रविवारी फोनवर तू आणि विश्वजीत त्यावरून किती भांडायचात! तो म्हणायचा, "अहो मेहुणे, तुमचा हेंड्रिक्स दहा सूर वाजवतो, आमचा गिल्मोर एकात रडवतो." तू म्हणायचास, "रडायचंच असंल तर कांदा चिरा की, दाजी!" मी हसत बसायचे.

परवा मी त्याला सांगितलं, आमच्या साखरपुड्यात आकाश गिटारवर सोलो वाजवणार आणि शेवटी भीमगीत घेणार. तो मग म्हणाला, "सोलो कितीही वाजवू दे, मेघा. फक्त भीमगीत नको. आमची जुनी माणसं असतील, समजून घे ना."

बोलताना त्याची मान खाली होती. म्हणून जास्त लागलं.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, तेव्हा जयंतीच्या स्टेजवर माझ्या सत्काराला तू भीमगीतच वाजवलं होतंस. ते दाराबाहेर ठेवून मला त्या घरात जायचं नाही. तो मला अजूनही आवडतो, आकाश. रडू आवरत नाही.

आईला हळू सांग. काल मी त्याला भेटून लग्नाला नाही म्हणून आले.

तुझी ताई,
मेघा