मॉरिशसचा गोलकीपर

प्रिय कल्याणी,

तू नागपूरला माहेरी गेल्यापासून रोज फोन करतेस आणि रोज मी 'सगळं ठीक आहे' म्हणून ठेवून देते. ठीक आहेच. पण एक गोष्ट फोनवर सांगणं जमेना, म्हणून लिहायला बसले. हे वाचनालयात गेलेत. घरात मी एकटी आहे.

बालेवाडीला फुटबॉलची स्पर्धा झाली. आपल्या देशाने नेपाळ, भूतान आणि मॉरिशसला बोलावलं होतं. लहानशीच स्पर्धा, अर्धं स्टेडियम रिकामं. रणजित असता तर हिंजवडीच्या ऑफिसला दांडी मारून त्याने सगळे सामने पाहिले असते. समाधान पास घेऊन आला. "काकू, रणजितच्या वाटचं आपण बघून येऊ," म्हणाला. त्याच्या टीममधला एवढा एकच मित्र अजून घरी येतो. यांनी पेपरातून डोकं वर केलं नाही. मी मात्र साडी बदलली.

जागा मिळाली ती गोलच्या मागे. समोर आपली टीम आणि मॉरिशस. त्यांचा गोलकीपर आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि मी खुर्चीच्या कडेशी सरकले, कल्याणी. तीच रुंद पाठ, डावा खांदा किंचित उतरलेला. दोन्ही खांबांना टाचेने एकेक ठोकर, मग उडी मारून वरच्या दांडीला हात. रणजित कर्वेनगरच्या मैदानावर हेच करायचा आणि तू त्याला हसायचीस. मी समाधानकडे पाहिलं. तोही त्या पाठीकडेच बघत होता.

थोड्या वेळाने आपला एक पोरगा डावीकडून मोकळा धावत आला. कीपरचं लक्ष उजवीकडे. मला भान राहिलं नाही. उठून ओरडले, "डावीकडे बघ रे!" आणि त्याने बघितलं! झेप घेऊन चेंडू बाहेर काढला. मग मागे वळून गर्दीत कोणाला तरी शोधू लागला. दिवे डोळ्यांवर येत होते, मला चेहरा दिसला नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काकू, आपण नक्की कोणाकडून आलात?"

घरी येऊन यांना सांगितलं. हे हळूच म्हणाले, "सुशीला, आपण धम्म मानणारी माणसं. आपण आत्मा मानत नाही." मीही मानत नाही. रोज वंदना म्हणते, सगळं अनित्य आहे हे मला पाठ आहे. पण रणजितचा अपघात झाल्याला तीन वर्षं होत आली, तरी संध्याकाळी जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज येतो आणि मी कणीक थोडी जास्तच भिजवते. तुलाही येतो तो आवाज. तू पोळी लाटता लाटता थांबतेस, मी पाहिलंय. आपण दोघी एकमेकींना कधी विचारत नाही इतकंच.

मॉरिशसचे उरलेले सामनेही मी पाहिले. शेवटच्या दिवशी समाधानने त्यांच्या मॅनेजरला गाठलं आणि त्या मुलाला फाटकापाशी बोलावून घेतलं. मी पदर सावरून उभी. काय वाटत होतं सांगू? तो येईल आणि म्हणेल, आई, भूक लागलीय.

आला तो कुरळ्या केसांचा, बारीक डोळ्यांचा, अगदीच कोवळा मुलगा. रणजितचा त्याच्यात काही मागमूस नव्हता. आडनाव कोंडीराम. त्याचे कोणी खापरपणजोबा इकडून उसाच्या मळ्यावर गेले, त्यांचं नावच पुढे आडनाव झालं. त्याने वाकून माझे पाय धरले आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "डावीकडे, तुम्ही बोलली? माझी आजी असं बोलायची. ती गेली. मला वाटलं, ती आली."

मी त्याच्यात माझा मुलगा बघत होते आणि तो माझ्यात त्याची आजी. मी त्याच्या गालावरून हात फिरवला. मित्रांनी हाक मारली तसा तो हसत बसकडे पळाला आणि पाठमोरा झाल्याबरोबर पुन्हा रणजित झाला. बस दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.

परतताना समाधान गाडी चालवत होता. चांदणी चौकाच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा त्याने विचारलं, "कल्याणी... वहिनी कधी येणार?" त्या दोन शब्दांच्या मध्ये केवढा तरी वेळ गेला.

मला बरेच दिवस माहीत आहे गं. तो आला की तू आतल्या खोलीत जातेस आणि तो गेला की खिडकीशी उभी राहतेस. आमच्यासाठी थांबली आहेस, हेही कळतं. आजवर आपण दोघींनी रणजितला या घरात धरून ठेवलं. आता तो माझ्याकडे राहू दे. मी त्याची आई आहे, मला त्याचं भय नाही आणि ओझंही नाही. तू त्याच्यासोबत इथे बसून राहू नकोस. यांच्याशी मी बोलले. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "पोरीचं लग्न आपणच लावू." रविवारी समाधान नागपूरला येतोय. मीच पाठवतेय. या वेळी उठून आत जाऊ नकोस.

तुझीच, लग्नानंतरही तुझीच,
आई