तोरण्याचा खाका

भोर
८ डिसेंबर २००७

प्रिय सोनबास,
अल्लाउद्दीनचा सलाम आणि रामराम. आम्ही इकडे खुशाल आहोत. अंबूवहिनींना आणि घरच्या लहानथोरांना माझा नमस्कार सांग.

टुक, टुक, टुक. घडी घातलेल्या घोंगडीवर खाकी कागद, कागदावर तू काढलेलं चित्र, आणि त्या रेघांवरून चालणारी तुझी सुई. आज सकाळी चहा पिताना हा आवाज मला अगदी कानाशी ऐकू आला. चिमाजी मास्तरांनी पाठ करून घेतलेल्या कवितांच्या चालीवर तू भोकं पाडायचास. चाल संथ असली की भोकं लांब लांब पडायची, भिंतीवर कोळशाचे ठिपके विरळ उमटायचे आणि मी ओरडायचो, "अरे, भिंतीवर ठिपके मोजायचे आहेत का?" आवाज आला म्हणून पत्र लिहायला बसलो. दुसरं विशेष काही नाही.

अडतीस वर्षांनी पत्र, आणि म्हणे विशेष काही नाही. हसशील तू. हस.

माझं पाट्या रंगवणं, ब्रश धुणं केव्हाच थांबलं. इरफानने एस.टी. स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान टाकलं आहे. वाढदिवस, उरूस, दहावी पास, सगळ्यांची थोबाडं एका रात्रीत दहा बाय पंधराची होतात. मी दुकानात खुर्चीवर बसतो आणि अक्षरांतले काना-मात्रे बघतो. मला तेवढंच काम उरलं आहे.

पण खरी गंमत माझ्या नातीची, अरिबाची. इरफानची थोरली. यंदा बारावीला आहे. पुण्याहून तिला एक काळी पाटी आणून दिली आहे. तिच्यावर पेनासारखी कांडी फिरवायची आणि चित्र समोर कॉम्प्युटरवर उमटतं. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. मला ते बघवेना. खुर्शिदा म्हणाली, "त्यात काय, मी भाकरी थापताना तुमच्यावर नजर ठेवत नाही होय?"

पोरगी एकदम कॉम्प्युटरवरच चित्र काढते. आधी कागद नाही, पेन्सिल नाही, काही नाही. मी म्हटलं, बाळ, आधी कागदावर काढ. तर म्हणते, "दादाजी, आधी कागदावर काढायचं, मग ते स्कॅन करायचं, मग परत त्याच्यावरून काढायचं. एका डोंगराला तीनदा कशाला चढायचं?"

मी म्हटलं, तीनदा चढलं की डोंगर ओळख देतो. आणि मास्तरांची ओळ ऐकवली. तुला आठवते ना? फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेली, त्यांची स्वतःची:

आधी रेघ, मग रंग;
आधी ओळख, मग संग.

अरिबा म्हणाली, "ओळ छान आहे. पण तुमच्या मास्तरांच्या रेघेला पुसायचं बटण नव्हतं."

आठ दिवस घरात हाच वाद. त्याला कारण तुमची वेल्ह्याची शाळा. शाळेला पन्नास वर्षं झाली, सव्वीस जानेवारीला कार्यक्रम आहे. जुन्या भिंतीवरचा आपण काढलेला तोरणा नव्या खोल्या बांधताना भिंतीसकट गेला, हे तू रोज बघतच असशील. त्यांना तेच चित्र आता फ्लेक्सवर हवं आहे, नव्या दारावर लावायला. खाली मूळ चित्रकाराचं नावही टाकायचं म्हणतात. मुख्याध्यापकांनी एक फोटो पाठवला. त्यात पुढे रांगेत पोरं, आणि मागे तोरणा इतका पुसट की डाळीच्या आमटीतला वाटावा.

त्यावरून अरिबाने काढला. ढग सुरेख, झाडी सुरेख. डोंगरही सुरेख, पण तो कुणाचाही डोंगर होता. तोरणा नव्हता. तिलाही ते कळलं. म्हणाली, "दादाजी, मूळ कागद असेल ना कुठे?" मी म्हटलं, नाही, कधीच हरवला.

तूच सांग, आमच्यात कोण बरोबर? पोरगी का मी? दोन ओळी टाकल्यास तरी पुष्कळ.

थंडी वाढली आहे. गुडघ्याला तीळतेल लावत जा.

तुझा,
अल्लाउद्दीन


भोर
१९ डिसेंबर २००७

प्रिय सोनबा,
सलाम, रामराम. तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी माझी लायकी नव्हती, तरी मी पोस्टमनला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "चाचा, आलं तर मी काय घरी नेऊन वाचणार आहे?"

परवा बकरी ईद. खुर्शिदाने घर डोक्यावर घेतलं आहे. पितळी डबे अंगणात, गाद्या उन्हात. मी एका गुंडाळलेल्या गादीवर बसून लिहितो आहे.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. कागद हरवला नाही. तुझा तो सुईने टोचलेला खाका माझ्याच ट्रंकेत आहे, अडतीस वर्षं.

झालं असं की, साफसफाईत अरिबाने ट्रंक उघडली. खाकी सुरळी काढून तिने खिडकीत धरली. बाहेर दुपारचं ऊन. सोनबा, आख्खा तोरणा उजेडात उभा राहिला. झुंजार माची, बिनी दरवाजा, बुधल्याचा तो उलट्या घड्यासारखा फुगवटा. आता कोळशाची पूड भरलेल्या पुरचुंडीने थोपटलेला कागद तो. बहुतेक भोकं कोळशाने बुजलेली, म्हणून उजेड मिणमिणता. पण खालच्या उजव्या कोपऱ्यात मात्र काही भोकं अगदी लख्ख होती. सुईने कालच पाडल्यासारखी.

पोरगी वाचायला लागली. "सो... न... बा." मग शेजारचं काळवंडलेलं, "अल्लाउद्दीन."

"दादाजी, सगळ्या कागदावरून पुरचुंडी फिरली. एवढं एकच नाव कोरं का राहिलं?"

मी सुरळी गुंडाळायला लागलो.

आता तुला सांगतो. तू भात काढणीला दोन दिवस घरी गेला होतास. मी एकटा शिडीवर. डोंगर झाला, ठिपके उमटले, खाली नावांपाशी आलो. तू दोन्ही नावं सुईने टोचून ठेवली होतीस, सारख्याच मापाची, आणि त्यात माझं तुझ्यापेक्षा जास्त नीट. भोरला माझं दुकान निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं चित्र बघायला येणार होती. मी डावा तळहात तुझ्या नावावर दाबून धरला आणि उजव्या हाताने फक्त माझ्या नावावर पुरचुंडी थोपटली. दोनदा. तेवढंच. दोन थापांचं काम. चित्र तुझं, रेघ तुझी, डोंगर तुझ्या दारातला. मी रंग भरणारा.

तू परत आलास, बघितलंस. ब्रश धुतलेस, डब्यात उभे ठेवलेस आणि विचारलंस, "जागा कमी पडली व्हय रं?"

मी म्हटलं, हो.

तो 'हो' म्हणजे खरी चोरी. हात हलला तेव्हा एका क्षणाचा मोह होता, पण 'हो' मी तुझ्या तोंडाकडे बघून म्हटलं. तू घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेलास. त्यानंतर वेल्ह्याच्या बाजारात आपण किती वेळा समोरासमोर आलो, आणि किती वेळा मला अचानक कांदे बघायचे होते, ते तुला ठाऊक आहे.

हे सगळं मी अरिबाला सांगितलं. खुर्शिदा दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता ही काय म्हणेल. म्हणाली, "दर उन्हाळ्यात ट्रंकेतून तो कागद ऊन दाखवायला काढता आणि परत गुंडाळून ठेवता. रद्दीला कोण इतकं जपतं? मला एवढंच कळत नव्हतं की गुन्हा काय आहे."

अरिबाने मला काही बोल लावला नाही. ते जास्त लागलं. ती खाका घेऊन दुकानात गेली, मीही मागोमाग. तिने तो चार तुकड्यांत स्कॅन केला, जोडला, आणि कॉम्प्युटरवर सगळ्यांत खाली ठेवला. त्याच्यावर एक कोरा थर. त्यावर ती काढू लागली. मला वाटलं गिरवणार. तर तिने तुझे ठिपके झाकून टाकले आणि मनाने काढला. मग ठिपके उघडून बघितलं, हसली, पुसलं, परत झाकलं, परत काढला. असं सात वेळा. मी म्हटलं, "एका डोंगराला तीनदा कशाला चढायचं, म्हणत होतीस ना?" ती म्हणाली, "गप बसा, ओळख होतेय."

हा आनंद मी कुणाला सांगू? मास्तर असते तर त्यांनी तिला पुढच्या बाकावर बसवलं असतं. आणि खरं सांगू, तीही बरोबर होती. तिने मला ती कांडी दिली. पहिल्यांदा हात बैलासारखा भलतीकडे गेला. मग एक झाड जमलं. मग दोन. चुकलं की बटण दाबायचं, रेघ मागे जाते. कागद फाटत नाही, कुणी रागावत नाही. मी विचारलं, किती मागे जाता येतं? म्हणाली, वीस पावलं. वीस पावलांत वेल्हं येत नाही, म्हणून हे पत्र.

चित्राखाली आता दोन नावं आहेत. आधी सोनबा, मग अल्लाउद्दीन, दोन्ही सारख्या मापाची, तुझ्याच ठिपक्यांवरून. खाली बारीक अक्षरांत अरिबाचं, कारण मी हट्ट धरला. परवा वेल्ह्याला जाणाऱ्या गेनूच्या जीपमधून छापील नमुना शाळेकडे गेला. मुख्याध्यापकांना मी स्वतः फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, सव्वीसला दोघांनी मिळून फीत कापा. मी म्हटलं, तो येईल असं नाही. येऊ नकोस असंही नाही, सोनबा. मी शिडीच्या खाली उभा राहीन, तू बोललास तर

थांब. दाराची कडी वाजते आहे.

सोनबा, घाईत लिहितोय, अक्षर वाचता आलं तर बघ. खुर्शिदा दार उघडायला गेली आणि म्हणाली, "वेल्ह्याच्या कुणी बाई आल्यात." मी डब्यांतून वाट काढत गेलो. उंबऱ्यावर अंबूवहिनी. तुमच्या लग्नात बघितल्या होत्या तशाच, फक्त केस पांढरे. हातात आमच्याच दुकानाची सुरळी.

म्हणाल्या, "भावजी, तुमची नात लई धीट हाय. शाळंला एक चितार पाठवलं, आन् एक आमच्या घरला. ह्यांनी खालच्या नावांवरनं बोट फिरवलं. मग म्हनलं, बुधला चुकलाय."

"चुकलाय?"

"अंगठ्याएवढा. लिवून कळायचं न्हाई म्हनत्यात. कंच्या खिशात शिसपेन्सिल हाय ते चारदा चाचपून बगितलं, आन् निगालं."

मी विचारलं, मग तो आहे कुठे?

"ती काय रिक्षा हुबी हाय. उतरंना झाल्यात. मला म्हनलं, आदी जा आन् इचार त्याला, हितं जागा हाय का."

वहिनी उंबऱ्यावर उभ्या आहेत. त्यांना म्हटलं, एक ओळ लिहून येतो. अरिबा कधीच अनवाणी रिक्षाकडे धावली आहे. पाकिटावर आता पत्ता घालायचा नाही, हे पत्र तुझ्या हातात देतो.

आहे, सोनबा. जागा तेव्हाही होती.

चप्पल शोधत असलेला, तुझा
अल्लाउद्दीन