दुसऱ्या प्रतीचं पत्र

मी, खाली सही करणारा, पुस्तकबांधणाऱ्याचा धाकटा मुलगा, वय पंचवीस, धंदा सध्या कारखान्यांच्या चिमण्या रंगवणे (त्याआधी बोटीवर भांडी घासणे, त्याआधीचं नीट आठवत नाही), पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. दडपण मुकादमाचं थोडं आहे. मृत्युपत्र जमा केल्याशिवाय तो कमरेचा पट्टा देत नाही आणि पट्ट्याशिवाय वर चढू देत नाही.

कलम १. माझे बूट ज्याला बसतील त्याला. डाव्यात खिळा वर येतो, हे आधी सांगावं.

कलम २. माझ्याकडचं दाभण बाबांना परत. ते मी विचारून नेलं नव्हतं. माझ्या प्रवेशाच्या आनंदात त्यांनी बांधलेली जाड कोरी वही, कण्यावर सोनेरी अक्षरांत विद्यापीठाचं नाव असलेली, तीही त्यांनाच. पहिल्या दहा पानांवर बसच्या वेळा लिहिल्या गेल्या आहेत, त्याबद्दल क्षमस्व.

कलम ३. दोन पत्रं. इथे जरा मागचं सांगावं लागेल.

बाबा कुठलीही गोष्ट दोन प्रतींत करतात, एक गहाळ झाली तर दुसरी असावी म्हणून. हजारातून एकाला घेणाऱ्या त्या मोठ्या विद्यापीठाचे अर्जही त्यांनी दोन आणले आणि दुसरा, माझ्याच नावाचा, ताईला भरायला दिला. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिची शाळा सुटली आणि ती दुकानात पानांच्या घड्या शिवायला बसली. गुण दोन्ही अर्जांत माझेच होते. ‘स्वतःविषयी लिहा’ हा निबंध मात्र मी लाजेने तिला दाखवला नाही, म्हणून तिने तो आपल्या मनाने लिहिला. काय लिहिलंस विचारलं, तर म्हणाली, “तू जे लिहिलं नसशील ते.”

पुढे एकाच आठवड्यात दोन पाकिटं आली. मंगळवारी दिलगिरी, शुक्रवारी अभिनंदन. बाबांना वाटलं, मंगळवारची चूक त्यांनी शुक्रवारी सुधारली, आणि ते गल्लीभर सांगून आले. मला मात्र कळेना, विद्यापीठाला नेमकं कोण हवं होतं. पत्रांवर अर्जाचे क्रमांक होते, माझ्या अर्जाची पोचपावतीही माझ्या खिशात होती, पण ती मी पडताळून पाहिली नाही. बॅग घेऊन निघालो, मधल्याच स्टेशनवर चहाला उतरलो आणि गाडीत परत चढलोच नाही. चहाही बरा नव्हता. बाबा अजून गिऱ्हाइकांना सांगतात की आमच्या मुलाने विद्यापीठालाच नकार दिला.

सबब, अभिनंदनाचं पत्र माझ्या पश्चात ताईला. पावतीही सोबत. तिला हवं तर तिने पडताळावं.

दिलगिरीचं पत्र दुकानासमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांना. तीन महिने रोज सकाळी ते विचारायचे, काय साहेब, काय म्हणतंय तुमचं विद्यापीठ? म्हणत होतं ते हे. हव्या तितक्या प्रती काढाव्यात.

कलम ४. माझं पुढे काय करायचं, पुरायचं की जाळायचं, यावर माझं मत पक्कं नाही. ताईला विचारावं.

दुरुस्ती. सहीच्या आधी पहिल्या साक्षीदार, आमच्या रंग कालवणाऱ्या मावशी, यांनी हे सगळं माझ्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाल्या, “सात वर्षं पावती खिशात, आणि बघितली नाहीस? खोट्याखाली मी सही करत नाही, बाळा.”

तेव्हा कलम ३ पुढीलप्रमाणे वाचावं. पावती मी त्याच शुक्रवारी पडताळली. न्हाणीघराला कडी लावून, तीनदा. माझ्या अर्जाचं उत्तर मंगळवारचं होतं.

ताईला तेव्हाच का सांगितलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. सांगायला दारापर्यंत गेलो होतो. ती सुईत दोरा ओवत होती. म्हटलं, ओवून होऊ दे.

मावशींचं आणखी म्हणणं असं की जे आपलं नाहीच, ते मृत्युपत्रात कसं देणार. हे पटलं. म्हणून अभिनंदनाच्या पत्रापुरतं हे मृत्युपत्र रद्द समजावं. पत्र आणि पावती आज दुपारच्या टपालाने ताईच्या नावे जात आहेत. तिने मी मरायची वाट बघू नये.

साक्षीदार: १. रंगवाल्या मावशी (सही). २. मुकादम (सही, न वाचता).

लिहून देणार: धाकटा (सही).

स्थळ: चिमणीच्या पायथ्याची पत्र्याची शेड. सोमवार, सात तारीख.

प्रती: एकच.