जहाजावर वाईट बातमी कळवायची नाही

सोमवार, १ एप्रिल २०१९

गाठच आहे. साधी नाही! डॉक्टरीण म्हणाली, तेवीस तारखेला काढू, डुलुथच्या इस्पितळात. बरोबर कोण येणार, असं विचारलं. नवरा येईल, असं सांगून मोकळी झाले. नवऱ्याला अजून पत्ताच नाही. तपासण्यांनासुद्धा शेरिलच नेऊन आणते आहे — लेक आहे म्हणून निभावतंय.

घरी आले तर अर्लन नाही. टेबलावर चिठ्ठी — नीगार्डबाईंच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा आहे, लाकूड पोचवतो, जेवायला थांबू नकोस. नाही थांबले. सूप गरम केलं आणि उभ्याउभ्याच प्यायले. फार दमले आहे.

बुधवार, ३ एप्रिल

आज त्याच्या डब्यांचा दिवस. चर्चच्या स्वयंपाकघरातून अकराला निघायचं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गरम जेवण पोचवायचं. नुसता डबा ठेवून पळायचं नाही. घंटा वाजवायची, माणूस डोळ्यांनी बघायचा, तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं कार्डावर लिहायची. काल नीट जेवलात का? कुठे पडलात का? तब्येतीत काही बदल? अर्लन हे सगळं नौदलाचा हुकूम असल्यासारखं पाळतो. अकरा वर्षांत एक डबा निवू दिला नाही, हे दहादा सांगून झालंय.

मला गेल्या अकरा वर्षांत यातला एकही प्रश्न त्याने विचारलेला नाही. लिहिताना हसू येतंय. रडूही.

शुक्रवार, ५ एप्रिल

ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तळलेले मासे. कढईपाशी अर्लन! आज ठरवूनच गेले होते की तिथेच बाजूला घेऊन सांगायचं. बाजूला घेतलंही. तेवढ्यात कोणी विचारतंय मीठ कुठे, कोणी विचारतंय मंगळवारच्या दफनाला शवपेटीवरच्या झेंड्याची घडी घालायला येणार ना, नात विचारतेय उद्या हॉकीला किती वाजता नेणार. सगळ्यांना हो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बोल, मर्ना." मी म्हटलं, "कोबी संपलाय."

चर्चच्या डब्यांची यादी ठेवते ती आर्डिस हात पुसत म्हणाली, असा नवरा मिळायला नशीब लागतं. लागतं ना! वीस वर्षं नौदलात काढली, ते सोडून छत्तीस वर्षं झाली, तरी याच्या लष्कराच्या भाकऱ्या भाजून संपत नाहीत. आणि त्याला वाईट म्हणावं तर माझं तोंड उघडत नाही. शेरिलचं छप्पर यानेच दुरुस्त केलं, नातीच्या एकाही सामन्याला चुकला नाही. तक्रार कशाची करू? घरात नसतो, याची?

रविवार, ७ एप्रिल

आज सांगून टाकलं. तो भांडी घासत होता, माझ्याकडे पाठ. सगळं बोलले — गाठ, तेवीस तारीख, सगळं. त्याची कानातली यंत्रं खणात होती, हे मला ठाऊक होतं. जहाजाच्या बॉयलरपाशी, त्या आवाजात वीस वर्षं काढलेला माणूस, यंत्रांशिवाय त्याला काय ऐकू येणार! म्हणजे सांगितलं नाहीच.

सोमवार, ८ एप्रिल

शेरिलचा फोन. चिडली होती. "तू सांगतेस की मी सांगू? बाबा काय समुद्रात आहेत का आता?"

तिला कुठून कळणार! सॅन दिएगोला नौदलाच्या तळावर राहायला गेलो तेव्हा जुन्या बायकांनी मला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या. पत्राच्या पाकिटावर नंबर घालायचा, म्हणजे टपाल मागेपुढे पोचलं तरी नवरा जहाजावर क्रमाने वाचेल. आणि वाईट बातमी लिहायची नाही. तो तिथून करणार काय? नुसता झुरेल, आणि बॉयलरपाशी झुरणारा माणूस भाजून घेतो.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात बाळ पोटातच गेलं. मुलगा होता, सातवा महिना सरला होता. शेजारच्या वांडाने मला इस्पितळात नेलं. तिचा नवरा लेरॉय अर्लनच्याच जहाजावर. रेडक्रॉसच्या बाई जहाजावर तार करायला आल्या, मी नको म्हटलं. वांडालाही शपथ घातली. त्या आठवड्याचं माझं पत्र नंबर एकेचाळीस — त्यात शेरिल सायकलवरून कशी पडली ते लिहिलंय. दोन पानं!

नोव्हेंबरात जहाज लागलं. मी सैल कोट घालून धक्क्यावर गेले. अर्लनने शेरिलला जपानी बाहुली आणली होती, मला निळी शाल. बाळासाठी काही नाही. बायकोला दिवस गेलेले असताना सोडून गेलेला माणूस, एक खुळखुळासुद्धा नाही! पोटाकडे बघितलंही नाही. घरी नेऊन सांगितलं तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, हे खरं. पण तो बाळाला विसरला होता, हे काही माझ्या मनातून गेलं नाही. त्याला बोलूनही दाखवलं नाही. शाल अजून वापरते आणि दरवेळी आठवतं.

बुधवार, १० एप्रिल

सकाळी मी दुकानात होते तेव्हा इस्पितळाने फोनच्या यंत्रावर निरोप ठेवला. तेवीसला सकाळी सहाला या, रात्रीपासून काही खाऊ नका. नवा निरोप असला की लाल दिवा लुकलुकतो, तो लुकलुकत नव्हता. आवाजही कुणीतरी पूर्ण वर करून ठेवलेला, ऐकताना दचकलेच! यंत्र जुनं झालंय, बिघडलं असेल. निरोप पुसून टाकला.

अर्लन नेहमीसारखा दोनला आला. जेवला नाही. पोट भरलंय म्हणाला.

शनिवार, १३ एप्रिल

आज न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवला. मागच्या पायऱ्यांनाही कठडा. मी विचारलं, हे कशाला? नीगार्डबाईंकडचं लाकूड उरलं होतं म्हणाला. आपल्या वाट्याला उरलेलंच यायचं! संध्याकाळी तीन वेळा कॉफी हवी का विचारलं. वय झालं, विसरायला लागलाय.

दहा दिवस राहिले. रोज सकाळी ठरवते आणि रोज तोंड शिवल्यासारखं होतं. मरणाची भीती वाटते आहे, लिहूनच टाकते. पण त्याहून जास्त भीती त्याच्या तोंडाकडे बघण्याची.

सोमवार, १५ एप्रिल

आर्डिसला फोन केला. म्हटलं, बुधवारच्या डब्यांच्या यादीत एक नाव वाढव. कोणाचं? माझं. ती हसत सुटली. "अगं, तुझाच नवरा डबे पोचवतो!" म्हटलं, "म्हणूनच."

हसायची थांबली. पत्ता लिहून घेतला. जसा काही तिला माहीतच नव्हता!

मंगळवार, १६ एप्रिल

उद्या. केस धुतले.

बुधवार, १७ एप्रिल

बाराला दहा कमी असताना घंटा वाजली. दारात अर्लन — हातात डबा आणि कार्ड, कानात यंत्रं, टोपी काढून काखेत धरलेली. मला वाटलं होतं हसेल. हसला नाही.

"मिसेस सँडविक, काल नीट जेवलात का?"

"जेवले."

"कुठे पडलात का?"

"नाही."

"तब्येतीत काही बदल?"

सांगितलं. डाव्या बाजूची गाठ, डुलुथ, तेवीस तारीख. कार्डावर सगळं लिहून घेतलं त्याने. मग म्हणाला, "मी ऐकला होता इस्पितळाचा निरोप, मागच्या बुधवारी. तू कळवशील म्हणून थांबलो." कार्ड खिशात घातलं. "बाळाचंही जहाजावर कळलं होतं मला. वांडाने लेरॉयला लिहिलं होतं. तुझ्या पत्रात नव्हतं, म्हणून मीही विषय काढला नाही. खुळखुळा घेऊन ठेवला होता, मर्ना. समुद्रात टाकला."

गाडीत अजून चार डबे होते. मी म्हटलं, निवतील. म्हणाला, निवू देत.