चार इसमांच्या बुधवारच्या बैठकीची भाषणे आगाऊ न मागण्याबाबत

घोंगडी एक.
फुटाणे, ओंजळभर.
शेळीच्या लेंड्या, जागेवर.
इसम चार, पैकी रडणारा एक.
झेंडा आढळला नाही.

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी

विषय : वर लिहिल्याप्रमाणे.
संदर्भ : चौकीच्या जमादारसाहेबांनी आमच्या बैठकीचा केलेला पंचनामा. वरील पाच ओळी त्यातील आहेत.

महोदय,

१. आम्ही चौघे, म्हणजे मी, मेंढरे राखणारा सटवाजी, तांड्यावरचा थावरा आणि म्हातारा नामाजी, पूर्वी एकाच दुकानात दारू पीत होतो. आता दर बुधवारी गावाबाहेर चिंचेखाली बसतो. मागच्या बुधवारपासून प्यालो की नाही, एवढेच ज्याने त्याने सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असा रिवाज आहे. उपदेश करण्यास मनाई आहे. उपदेश ऐकला की सटवाजीला तहान लागते.

२. चौथ्या बुधवारी जमादारसाहेब आले. बिगरपरवाना सभा भरवता येत नाही, परवान्यासाठी दहा दिवस आधी अर्ज करावा आणि प्रत्येकाचे भाषण लिहून जोडावे, असे त्यांनी समजावले. रडणारा इसम मी होतो. त्याचे कारण त्यांनी विचारले नाही व मीही सांगितले नाही.

३. हुकुमाप्रमाणे भाषणे लिहून दिली. माझे व थावराचे, "मी प्यालो नाही." नामाजीचे, "मी ऐकतो." सटवाजी प्रामाणिक माणूस आहे. तो म्हणाला, "धा दिवस म्हंजी लई झाले, उत्तमराव. माझा भरवसा मलाच न्हाई. लिहा, परवा प्यालो." तसे लिहिले. चारही भाषणांचा उर्दू तर्जुमा होऊन मोहर लागली.

पुढे असे झाले की सटवाजी प्यालाच नाही. आठ दिवस गेले. एवढे दिवस तो लग्नानंतर प्रथमच कोरडा होता. बैठकीच्या दोन दिवस आधी तो माझ्याकडे आला व म्हणाला, "मोहर लागलीया. मी दुसरंच बोललो तर तुमा तिघांची बैठक जाईल. काहून तुमाला तकलीफ?" आणि दुकानात जाऊन, कागदात लिहिल्याबरहुकूम, प्याला.

बुधवारी जमादारसाहेब कागद घेऊन हजर होते. सटवाजी म्हणाला, "मी परवा प्यालो." साहेब म्हणाले, "बराबर." थावरा उठला आणि म्हणाला, "मी आइतवारी प्यालो." साहेब म्हणाले, "कागदात न्हाई. खाली बस." थावरा बसेना. शेवटी बैठक बरखास्त झाली. माझी पाळी आलीच नाही.

सारांश, कायदा पाळणारा प्याला आणि खरे बोलणाऱ्यास खाली बसवले. यात जमादारसाहेबांचा दोष नाही. त्यांना वाचता येते, तेवढे त्यांनी केले.

४. 

(हा परिच्छेद पुढील बैठकीतील माझ्या भाषणाचा आहे. आज कोरा सोडला आहे. त्या दिवशी सकाळी हुजुरांसमोर येऊन भरीन.)

५. माझी बायको द्वारकाबाई लेकरू घेऊन कुरुंद्याला माहेरी आहे. तिचा भाऊ संपतराव याची अट अशी की, "दाजी, सात बैठका खंड न पडता भरा, मंग धाडतो. सात म्हंजी सात. साडेसहा न्हाई." बरखास्त झालेली बैठक धरावी काय, असे मी विचारले. तो म्हणाला, ते सरकारला विचारा. म्हणून विचारीत आहे. न धरल्यास पहिल्यापासून मोजावे लागेल, आणि दर खेपेस परवान्याला दहा दिवस लागल्यास दर आठवड्याची बैठक खंड न पडता कशी भरावी, हे मला उमगत नाही.

६. दुकानात मात्र रोज तीस-चाळीस इसम एकत्र बसतात, रात्रीपर्यंत बोलतात, रडतातही. तिथे कोणी भाषण आगाऊ मागत नाही, कारण दुकानाला परवाना आहे. दुकानदार भला माणूस आहे. तो म्हणतो, "या की, बाकडं रिकामंच हाय. पिऊ नका पाहिजे तर, बसा." चिंचेखाली परवानगी देणे शक्य नसल्यास, दुकानात बसून न पिण्याची परवानगी मिळावी. सटवाजीची याला हरकत आहे. तो म्हणतो, बाकावर बसून तो न पिता उठला असे आजवर घडलेले नाही. तरी सरकारची मर्जी तीच असल्यास आम्ही प्रयत्न करू.

७. तेव्हा विनंती की (अ) भाषणे आगाऊ मागू नयेत. अथवा (आ) प्रत्येकाच्या नावावर "प्यालो" व "प्यालो नाही" अशी दोन्ही भाषणे मंजूर करावीत. अथवा (इ) दहा दिवसांनी आम्ही प्यालेलो असू की नाही, हे कचेरीनेच ठरवून कळवावे. आम्ही त्याप्रमाणे वागू. फक्त माझ्या बाबतीत "नाही" ठरवावे.

हुकुमाकडे डोळे लावून असलेला,
उत्तमराव वल्द तातेराव
मौजे चिंचटाकळी
१४ बहमन १३५० फसली

सोबत :
१. मंजूर भाषणे चार, तर्जुम्यासह. थावराचे खोटे ठरले आहे.
२. नामाजीचा अंगठा.
३. कोरा कागद एक, परिच्छेद ४ अपुरा पडल्यास.

ता.क. सटवाजी दुकानात गेला त्या दिवशी मी त्याच्याबरोबर दारापर्यंत गेलो होतो. तो बाहेर येईपर्यंत मी बाहेरच उभा होतो.