वीस तारखेनंतरचे हात

४ जून

ती. ताईस, सा. न.

फोनवर विचारलं तर तू हसून विषय बदलशील, म्हणून पत्र. आमच्या इंटरनेट कंपनीत जास्त वापर करणाऱ्या घरांची यादी दर महिन्याला माझ्या टेबलावर येते. गल्लीला मिळून एकच मोठी तार. एकाने ओरबाडलं की शेजारी उपाशी. म्हणून ठरलेला वाटा संपला की त्या घराचा वेग आम्ही उतरवतो. नियम मीच लिहिलाय. या खेपेला यादीत पहिलं घर तुझं. भाऊजींना जन्मापासून ऐकू येत नाही, तुला बसल्या जागी डुलकी लागते. मग एवढे सिनेमे बघतंय कोण?

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

१२ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तो चोर तुझे भाऊजीच. शिवणकाम सोडल्यापासून रोज सकाळी चार तास ते दूरच्या गावातल्या एका सात वर्षांच्या मुलीला व्हिडिओवर हातांची भाषा शिकवतात. तिलाही ऐकू येत नाही, आणि तिच्या घरात कुणालाच खुणा येत नाहीत. वीस तारखेपर्यंत झकास चालतं. मग तुझा नियम लागतो. बोटं मध्येच गोठतात, चेहऱ्याचे चौकोन होतात. गेल्या महिन्यात ती पोटावर हात ठेवून काहीतरी सांगत होती. दुखतंय की भूक लागलीय, कळेना. मी तिच्या आईला फोन केला, तर तिलाही उमगेना. संध्याकाळी दवाखान्यात नेलं, अपेंडिक्स निघालं. पोर आता बरी आहे, पण तुझे भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत.

रागावून लिहीत नाही. नियम करताना हे ध्यानात आलं होतं का, एवढंच विचारते.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
ताई

२८ जून

ती. ताईस, सा. न.

नव्हतं आलं. तेवीस तारखेला, तुमचा वेग उतरल्यावर, मी कंपनीतल्या साहेबांना शेजारी बसवून भाऊजींना व्हिडिओ लावला. साहेबांनी कागदावर लिहून विचारलं, शिवणकाम किती वर्षं केलंत. भाऊजींनी बोटं उघडायला घेतली आणि चित्र थांबलं. साहेबांनी पडद्यावरच्या त्या अर्ध्या पंजावर बोट ठेवलं. मग म्हणाले, साधा आकडासुद्धा पोचत नाही की.

आता खुणांनी बोलणाऱ्या घरांना वाट्याची अट नाही. अर्ज सोबत आहे, तेवढा भर. गल्लीत गर्दी असेल तेव्हा थोडं अडखळेल, त्याला माझ्याकडे इलाज नाही. यादीतल्या बाकीच्यांना फोन केले, तर अशी आणखी तीन घरं सापडली.

एक विचारू? तीस वर्षं मी भाऊजींशी नुसती मान हलवून बोललो. मला शिकवतील का? आधी माझं नाव.

लोभाला आता हातही फुटू देत.
धाकटा

५ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

शिकवतील. रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ लाव. नाव नव्याने ठेवायला नको. आमच्या लग्नापासून या घरात तुझी एक खूण आहे. मूठ वळायची आणि होकार दिल्यासारखी दोनदा हलवायची. मान डोलावणारा.

बोलायला लागलास की बदलून देईन, असं ते म्हणतात.

ताई